हलणारी मशीनं आणि चुकीचे साहेब

तीर्थरूप आईंना,

साष्टांग नमस्कार. (तूर्त हा कागदावरचाच गोड मानून घ्या. खरा वाकून घालायला माझी कंबर अजून तयार नाही, त्याचं कारण पुढे येतंच आहे.)

वन्संचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्या मनापासून करतात, की तुम्ही खोलीत आलात की तेवढ्यापुरता पाय हलवतात? त्यांना म्हणावं, ऑपरेशन डॉक्टरांनी केलं असलं तरी चालायचं त्यांनाच आहे. तुम्हीही जरा बसत जा. लेकीची सेवा करायला गेलात ते ठीक, पण तिच्या घरातले सगळे डबे घासून पालथे घातलेत असं कळलं. इकडे बाबा मजेत आहेत. तुमच्याशिवाय करमत नाही असं फोनवर सांगतात, आणि फोन ठेवला की टीव्हीचा आवाज वाढवतात.

माझ्या प्रवासाची हकिकत तुमच्या कानावर आली असेलच. एक बाबांकडून, एक तुमच्या चिरंजिवांकडून आणि एक खारूकडून, म्हणजे एकूण तीन प्रवास झाले असतील. तुमच्या या नातीच्या हकिकतीत मी एका मशीनच्या पोटातून जिवंत बाहेर आले, असंही आहे. तेव्हा खरं काय ते मीच लिहिते.

आमची कंपनी इस्पितळांना लागणारी कपडे धुण्याची अवाढव्य मशीनं बनवते हे तुम्हाला माहीत आहे (तुम्ही शेजारी 'सून लाँड्रीत इंजिनियर आहे' असं सांगता, हेही मला माहीत आहे). परगावी मशीन बिघडलं की जायचं काम आमच्या विमानकाकांचं. हा माणूस इतका फिरतो की त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवसाखेरीज कुणाला आठवत नाही. मी इतकी वर्षं ऑफिसात बसून त्यांना फोनवर सांगायची, काका, डावीकडचं झाकण उघडा, आत लाल वायर दिसेल. ते उघडायचे, मशीन सुरू व्हायचं आणि तिकडचे लोक काकांना हार घालायचे. बरं, काका एकवेळ वडीलधारे. पण ज्या पोरांना मी मशीनचा नकाशा उलटा की सुलटा हे शिकवलं, ती चार गावं हिंडून आली आणि माझ्या वरच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. गिऱ्हाइकं त्यांना तोंडाने ओळखतात, मला फक्त आवाजाने. बढतीची वेळ आली की आमचे मोठे साहेब फार मायेने म्हणायचे, 'त्यांना घरदार आहे, फिरतीचं जमायचं नाही.' मला विचारून बघावं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. घरदार त्या पोरांनाही होतंच की! त्यांचं बहुधा घडी करून कपाटात ठेवता येत असावं.

तर गेल्या आठवड्यात काकांनी स्वतःचीच बॅग उचलली आणि त्यांची पाठ धरली. नेमका त्याच दिवशी एका इस्पितळाचा फोन आला, की तुमची तीनही नवी मशीनं चालायला लागली आहेत. चालू झाली असं नव्हे, चालायला लागली. कपडे पिळायची वेळ आली की जागा सोडून दाराकडे निघतात. माणसं पाठवा, नाहीतर मशीनं परत न्या. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. ती दोनदा माझ्यावरून पुढे गेली, तिसऱ्यांदा अडकली. ते काही बोलायच्या आत मीच म्हटलं, 'जाते.' म्हटलं खरं, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

घरी नुसता गोंधळ. तुमच्या चिरंजिवांनी मला विमानात कसं बसायचं ते शिकवलं (ते स्वतः एकदाच बसलेत, आणि बसल्याबरोबर झोपले होते). बाबा म्हणाले, निघालीस की फोन कर, पोचलीस की कर, आणि मध्येही एकदा कर. मध्ये म्हणजे ढगात. खारूने फक्त विचारलं, 'आई, तू तिथली साहेब का?' मी म्हटलं, बघू.

विमान सुखरूप उतरलं. बाहेर पाट्या घेऊन माणसं उभी होती, त्यांतल्या एकावर लिहिलं होतं 'मशीनवाले साहेब'. आता मी मशीनवाली खरी, पण साहेब का, हा प्रश्न मलाही खारूइतकाच पडलेला. मी पुढे होऊन त्या ड्रायव्हरला नमस्कार केला, तर त्याने 'बाई, जरा बाजूला' म्हणत माझ्या डोक्यावरून पाटी आणखी उंच धरली. तेवढ्यात चकचकीत पेटी घेतलेले एक टक्कलवाले गृहस्थ आले. ड्रायव्हरने विचारलं, 'मशीनसाठी आलात ना साहेब?' ते हो म्हणाले. मी तोंड उघडेपर्यंत पेटी डिकीत, साहेब गाडीत आणि गाडी वळणापलीकडे!

मी रिक्षा करून इस्पितळात पोचले. तळघरातल्या लाँड्रीत शिरले तर ते गृहस्थ मधोमध उभे, हातात फुलं, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. शेजारी इस्पितळाचे व्यवस्थापक रुमालाने घाम पुसत उभे, आणि लाँड्रीच्या मुकादम बाई, म्हणजे एक धिप्पाड आणि खणखणीत बाई, कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहतायत. आई, ते गृहस्थ दातांचे डॉक्टर निघाले! स्वतःच्या दवाखान्यासाठी एक्स-रे मशीन विकत घ्यायला त्या गावी आले होते. दुकानदाराने गाडी पाठवली असं समजून बसले, आणि मग एवढं स्वागत झाल्यावर नाही म्हणायला त्यांना संकोच वाटला. (काही माणसांचा स्वभावच असा असतो. बाबा नाही का, चुकीच्या लग्नात जेवून आले होते.) व्यवस्थापकांनी त्यांना मत विचारलं, तर त्यांनी मशीनवर दोन टिचक्या मारल्या, एका कोपऱ्याला धरून हलवलं आणि गंभीरपणे म्हणाले, 'हे मुळातच हलतंय. काढायचं की वाचवायचं, ते आत बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही.'

त्यांचं निदान इतकं बरोबर होतं की मला हसूही येईना.

मी पुढे होऊन सांगितलं, कंपनीची इंजिनियर मी. व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, आणि विचारलं, 'तुमच्याबरोबर आणखी कोण आलंय?' मी म्हटलं, 'पान्ह्यांची पेटी.' मुकादम बाई फिस्सकन हसल्या. डॉक्टर बिचारे लाजले आणि फुलं माझ्या हातात देऊन मोकळे झाले. जायला मात्र तयार होईनात. म्हणाले, आता आलोच आहे तर बघतो काय होतंय ते.

मग मी ऑफिसचा अंगरखा चढवला आणि मशीनखाली सरपटत गेले (कंबर धरली ती तिथेच). त्या मशीनचे पाय, आई, मी स्वतः आखलेले आहेत. कागदावर हजारदा पाहिलेत, पण ते ज्या जमिनीवर उभे राहतात ती जमीन आजवर कधी पाहिली नव्हती. पाहिली आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. लाँड्रीतलं पाणी वाहून जावं म्हणून तिथे पक्क्या काँक्रीटवर ढाळाचा एक जाड थर घालून वर फरशी बसवलेली. आमच्या माणसांनी बोल्ट मारले ते त्या वरच्या थरातच, खालच्या काँक्रीटपर्यंत ते पोचलेच नाहीत. ओल्या चादरी गरगर फिरायला लागल्या की बोल्ट सैल आणि मशीन मोकळं. फोनवर मला कुणी हे सांगूच शकलं नसतं, कारण मी विचारलंच नसतं.

नेमका तेव्हाच फोन वाजला. मला वाटलं साहेब, म्हणून मशीनखालूनच स्पीकर लावला. बाबा! अख्ख्या तळघरात त्यांचा आवाज घुमला, 'सूनबाई, आपलं धुण्याचं मशीन पाणी सोडत नाहीये. कुठलं बटण दाबू?' व्यवस्थापकांनी घाम पुसायचं थांबवलं. मी म्हटलं, 'बाबा, आधी नळ सोडा.' पलीकडे नळ फिरवल्याचा आवाज, मग 'हां, आलं, आलं!' मुकादम बाई व्यवस्थापकांना म्हणाल्या, 'बघा, एक तर चालू झालं.'

आता खरी पंचाईत पुढे. फरशी फोडायची, लांब बोल्ट खाली काँक्रीटमध्ये उतरवायचे, भोकांत मसाला भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत मशीन बंद ठेवायचं. पण तिथे मळक्या चादरींचे ढीग छताला टेकलेले. नर्सेस येऊन रिकाम्या हाताने परत जात होत्या. एकीने सांगितलं की कपडे नाहीत म्हणून सकाळची दोन ऑपरेशनं पुढे ढकलली. व्यवस्थापक म्हणाले, तुमच्या वरिष्ठांना विचारा. मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, कशाला हात लावू नका, फरशी तर मुळीच फोडू नका, पुढच्या आठवड्यात काका बरे होतील, ते येऊन ठरवतील.

त्या क्षणी, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. जबाबदारी काकांवर गेली! आणि लगेच त्या नर्सचा चेहरा दिसला. मी म्हटलं, 'साहेब, नंतर बोलते, इथे मशीनचा आवाज फार आहे,' आणि फोन ठेवला. मशीन, अर्थात, बंद होतं.

मग मी व्यवस्थापकांना सांगितलं, 'एका मशीनमध्ये निम्मेच कपडे घालून हळू पिळायचं, म्हणजे ते जागचं हलणार नाही आणि आधी ऑपरेशनचे कपडे निघतील. बाकीच्या दोन मशीनांखालची फरशी मी आजच फोडायला घेते. ती दोन उभी राहिली की तिसरं.' त्यांनी विचारलं, 'आणि बिघडलं काही तर?' मी म्हटलं, 'तर माझ्यामुळे बिघडलं असं सांगा.' त्यांनी सवयीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, 'मुळाशी जायचं असेल तर वरचं फोडावंच लागतं हो,' आणि पेटी उचलून आपल्या एक्स-रेच्या शोधात निघून गेले. फार चांगला माणूस!

फरशी फोडायला इस्पितळाचे गवंडी होते, भोकं मी पाडली. मसाला वाळून मशीनं पुन्हा चालू केली (या वेळी चालूच). मुकादम बाईंनी काठोकाठ भरलेला चहाचा कप मशीनवर ठेवला. मशीन पिळायला लागलं, वेग वाढला, चहावर बारीक शहारे आले, पण थेंब सांडला नाही. मग त्यांनी तो कप उचलून मला दिला आणि म्हणाल्या, 'घ्या, साहेब.' मला एवढा गोड चहा चालत नाही, पण पिऊन टाकला.

परत आले तर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. फोन ठेवल्याबद्दल झाडतील म्हणून तयारीतच गेले. थोडं झाडलंही. मग म्हणाले, त्या व्यवस्थापकांचा फोन आला होता, यापुढे त्याच बाईंना पाठवा म्हणतात. आणि मग म्हणाले, सगळ्या गावांतली मशीनं बसवण्याचा विभाग तुम्ही सांभाळाल का? माणसं तुमची, निर्णय तुमचे, पण निम्मा महिना बाहेर. विमानकाकांनी तर अंथरुणातूनच आशीर्वाद दिला. म्हणाले, पोरी, घे, किती वर्षं झाली, मला घरचं जेवायचंय!

घरी मला वाटलं होतं, माझ्यावाचून सगळं कोलमडलं असेल. कसलं काय! खारूने स्वतःची वेणी घातली होती (वाकडी, पण घातली होती), बाबांनी कपडे वाळत घातले होते, आणि तुमच्या चिरंजिवांनी भाजी केली होती, ती चक्क खाण्यासारखी होती. मला जरा वाईटच वाटलं.

तर आई, तुमचा सल्ला हवा आहे. घेऊ का ही जागा? सावकाश विचार करून कळवा. वन्संना नमस्कार, मुलांना पापा.

तुमची सून

ता. क. साहेबांना मी 'हो' केव्हाच सांगून टाकलंय. त्यांचं वाक्य पुरं व्हायचं होतं. सल्ला अवश्य पाठवा, पण होकाराचाच पाठवा, म्हणजे मी तुमच्या शब्दाबाहेर नाही असं मला सगळ्यांना सांगता येईल.

ता. क. दुसरा. पुढच्या महिन्यात समुद्राकाठच्या एका हॉटेलात मशीनं बसवायची आहेत. वन्संना चालता येत असेल तर तुम्ही माझ्याबरोबर चला. टेलिफोन खात्यात असताना तुम्हाला प्रशिक्षणाला परगावी पाठवणार होते आणि मुलं लहान म्हणून तुम्ही गेला नाहीत, असं तुम्ही एकदा तांदूळ निवडताना सांगितलं होतं, आणि मग बराच वेळ तांदूळच निवडत बसलात. आता ती लहान मुलं स्वतः भाजी करतात. विमानात खिडकीची जागा तुमची.

ता. क. तिसरा. हे मात्र घरात कुणाला वाचून दाखवू नका. हॉटेलच्या खोलीत मला एकटीला झोप येत नाही. सगळे दिवे लावून, दाराला खुर्ची लावून, पान्ह्यांची पेटी उशाशी घेऊन पडले होते. विभागप्रमुखाला हे शोभत नाही. बाबा सोबतीला आनंदाने येतील, पण ते कसे घोरतात ते मी तुम्हाला काय सांगू? तेव्हा तुम्हीच या. खोलीत दाराकडची बाजूही तुमचीच.