खडीच्या वाटेवरचे पांढरे दगड

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा चहा सांडला. कपाबाहेर नाही, थेट बशीबाहेर! अर्धा कप टेबलक्लॉथच प्यायला. ह्यांनी पेपर उचलला आणि पलीकडच्या खुर्चीवर ठेवला. मी म्हटलं, "किटलीची चोच वाकडी झालीय." बिचारी किटली! बारा वर्षं सरळ ओततेय.

नातीचा जाड काळा पेन ढापलाय. त्याने लिहिलेलं मला दिसतं. एका पानात आठ ओळी मावतात, वही लवकर संपेल. संपू दे.

४ मार्च, मंगळवार

लेकीचा फोन. "आई, डोळे दाखवलेस का?"

"दाखवते की. येईल त्याला दाखवते, दोन्ही."

"चेष्टा पुरे. महिनाअखेर मी येतेय. तोवर डॉक्टरकडे गेली नाहीस, तर सायकल गाडीच्या टपावर बांधून घेऊन जाईन."

माझ्याच पोटची, माझ्यासारखीच हट्टी. बोलेल ते करेल. पण डॉक्टरकडे आत्ता गेलं की तो म्हणणार, मोतीबिंदू, ऑपरेशन, महिनाभर सायकल बंद. शेजारणीचं तेच झालं. आणि तीस तारखेला आमची फेरी! नातीच्या सायकल क्लबाचे वीस जण येणार, नदीच्या खोऱ्यातल्या खडीच्या वाटा बघायला. वाट दाखवणार मी. तीस वर्षं नदीची पातळी मोजायला त्या वाटेने एकटीने चाकं झिजवली. मागे वळून बघितलं तर फक्त माझीच धूळ. आता पहिल्यांदा मागे कुणी येणार, आणि मी घरी डोळ्यांवर पट्टी बांधून बसू? हॅ!

३० नंतर डोळ्यांचं काय करायचं ते करा. तोवर तोंडाला कुलूप.

६ मार्च, गुरुवार

क्लबाचा प्रमुख आला होता. घरातसुद्धा टोपी काढत नाही, म्हणून टोपीवाला. मोबाइलवर त्याने वाट आखून आणलीय. मी मोबाइल नाकाला लावून बघितला. (नाक पुसल्यासारखं करायचं. संशय येत नाही.) वाट त्याने पालथ्या मडक्याच्या पायथ्याने सरळ नेलीय! पालथं मडकं म्हणजे आमचा विझलेला ज्वालामुखी. विझला खरा, पण पायथ्याला गुडघाभर राख टाकून गेला.

"तिथे चाक रुतेल, बाबा."

"आजी, उपग्रहातून सगळं दिसतं."

"मग उपग्रहाला म्हणावं, एकदा खाली उतर आणि सायकल चालव."

नात फिदीफिदी हसली. टोपीवाला टोपीत लाल झाला असावा, मला दिसला नाही.

खोऱ्यातली वाट बघायची नसते, ऐकायची असते. काळी खडी चाकाखाली दात खाते. लाल खडी कुरकुरते, फरशीवर साखर सांडावी तशी. आणि राख? राख बोलतच नाही. चाकाखाली एकदम शांत झालं की समजावं, आता आपण आडवे.

९ मार्च, रविवार

नातीबरोबर सरावाला गेले. तिला पुढे घातलं, म्हटलं, "तू तरुण, तू वारा काप." तिची पिवळी पाठ धरून मागे मागे. एवढी हुशारी तरुणपणी असती तर साहेब झाले असते.

आज एक नवल! तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या कडेला पांढरे दगड. चुन्याने रंगवलेले. काळ्या जमिनीवर ते मलासुद्धा लख्ख दिसले! तीन छोटे ओळीने, मग एक मोठा, की वळण. पुढच्या वळणावरही तेच. नात खाली उतरून बघत बसली. "आजी, मधलं अंतर बघ ना. प्रत्येक ठिकाणी अगदी सारखं. मापून ठेवल्यासारखं."

टोपीवाल्याचं काम असणार. टोपीखाली थोडी अक्कल आहे म्हणायची.

१२ मार्च, बुधवार

आता ह्यांच्याविषयी. आठ दिवस झाले, उजाडताच सायकल काढतात. शिवलेले कपडे पोचवायची ती जुनी, मागे मोठं कॅरियर असलेली. "पाय मोकळे करून येतो." हे! दुकानातून घरी यायलासुद्धा ज्यांना दोनदा बसावं लागतं ते! परत येतात ते धापा टाकत. आज पाण्याचा पेला घेताना हात हाताला लागला, तर बोटं पांढरी.

"काय हो हे?"

"खडू गं. शिंप्याच्या हाताला काय गुलाल असणार?"

पहाटे कुठल्या गिऱ्हाइकाचं माप घेतात? पिठीसाखर आहे ती! कोपऱ्यावरच्या बेकरीतली! डॉक्टरने साखर बंद केल्यापासून ह्यांची नजर त्या काचेवरून हलत नाही.

हुकमाचं पान लगेच टाकत नाहीत. उद्या ह्यांनी लेकीजवळ माझ्या डोळ्यांचं काढलं, की मी बेकरीचं काढीन. मग बघू कोण कुणाला डॉक्टरकडे नेतं!

१३ मार्च, गुरुवार

बसल्या बसल्या सुचलं. सुई ओवायला ह्यांनी मला हाक मारून किती महिने झाले! एकेचाळीस वर्षं दिवसातून दहादा, "अगं, तेवढी ओवून दे." आता स्वतःच ओवतात. बरं झालं. म्हातारपणी का होईना, शिकले.

१७ मार्च, सोमवार

चौकशीला बेकरीत गेले. साळसूदपणे म्हटलं, "आमचे हे रोज सकाळी येतात ना?"

"काका? छे हो काकू, सहा महिन्यांत फिरकले नाहीत."

म्हणजे बेकरीवालाही सामील! खोटं बोलताना आवाज जरासुद्धा हलला नाही. पक्का आहे.

२० मार्च, गुरुवार

पडले. कुणाला सांगणार नाही, तुलाच सांगते, वही.

एकटीच गेले होते, मोजणीच्या चौथ्या खांबाच्या पुढे. तिथे पांढरे दगड नव्हते. चाकाखाली एकदम शांत झालं, आणि मी गेले ती काट्यांच्या झुडपात. कोपर खरचटलं. निळ्या झग्याची बाही टरकली, एक तुकडा काट्यांनी ठेवून घेतला. झगा घरी आणून पेटीच्या तळाशी कोंबला.

झुडपात बसून थोडी रडले. दुखलं म्हणून नाही. तीस वर्षांत ते झुडूप मला कधी आडवं आलं नव्हतं.

२३ मार्च, रविवार

झगा खुंटीवर! धुतलेला, शिवलेला. पेटी उचकटून ह्यांनी काढला आणि एक शब्द विचारला नाही. साखरेचं पाप खातंय मनाला, दुसरं काय! बाहीवर बोट फिरवून बघितलं, ठिगळ त्याच कापडाचं आहे. इतकं जुनं कापड ह्यांनी कुठून पैदा केलं कोण जाणे. शिंप्याच्या गाठोड्यात काय नसतं!

दुपारी नातीबरोबर चौथ्या खांबाच्या पुढपर्यंत. झुडपाच्या अलीकडे पांढरे दगड! तीन छोटे, एक मोठा. टोपीवाल्याला शाबासकी द्यायला हवी.

२९ मार्च, शनिवार

झोप कसली येतेय! चाकातली हवा थोडी कमी केली, खडीवर मऊ चाक बरं. हे म्हणाले, "उद्या निळा झगा घाल." एवढंच.

३० मार्च, रविवार

दमलेय, पण लिहिणार!

वीस सायकली आणि मी. पहिले चार कोस फक्कड. काळी खडी, लाल खडी, दगड दिसला की वळ. मग गरम झऱ्यांचा ओढा आला. गार सकाळ, त्यामुळे वाफ अशी दाटली होती की विचारू नका. सगळे थांबले. टोपीवाला मोबाइल हातात घेऊन उभा. मोबाइलची काच वाफेने पांढरी.

"आजी, थांबू या. काही दिसत नाही."

काही दिसत नाही! मला मनातल्या मनात इतकं हसू आलं! अरे बाबांनो, मला चार महिन्यांपासून असंच दिसतंय.

म्हटलं, "माझ्या मागून या. चाक दात खात असेल तोवर बरोबर. कुरकुरलं की डावीकडे. गप्प झालं की जागच्या जागी थांबा."

वीसच्या वीस पार नेले. एकही पडला नाही. पलीकडे गेल्यावर टाळ्या! टोपीवाल्याने टोपी काढली. होय, काढली! नात म्हणाली, टक्कल आहे.

मग त्याने विचारलं, "आजी, ते पांढरे दगड तुम्हीच ठेवलेत ना? किती नेमके!"

मला वाटत होतं, त्याने ठेवलेत.

"मग काय!" म्हटलं मी. फुकटचं मोठेपण कोण सोडतं? पण येताना सबंध वाट डोक्यात भुंगा. त्याने नाही, मी नाही. मग?

३१ मार्च, सोमवार

लेक दुपारी येतेय. हाताशी बेकरीचा पुरावा असावा म्हणून सकाळी ह्यांचा खडूचा डबा उघडला. आत चुन्याने ताठ झालेला ब्रश. मापाची पट्टी, तीही चुन्याने माखलेली.

"अहो, हे काय?"

मशीनवरून मान वर केली नाही. "नदीच्या पलीकडे मोठे दगड मिळत नाहीत. डॉक्टरने तुला महिनाभर बसवलं, तर तेवढ्यात तिकडचं उरकून घेईन. आज साडेदहाचा नंबर लावलाय." मग हातातली सुई उजेडाला धरली, सवयीने तोंडातून "अगं, तेवढी..." निघालं, आणि थांबले. "राहू दे."

मी हात पुढे केला. "द्या इकडे."

नवव्या खेपेला ओवली. ते थांबले होते.