नागमणीचा थेंब

८ जानेवारी १९७७
नागमणीची दाढ काल काढली. रक्त आज दुपारपर्यंत थांबेना. अम्मा म्हणते उष्णता. लहानपणी तिचा घोळणा फुटायचा तेव्हाही उष्णताच, धने-जिऱ्याचं पाणी. मी पॅथॉलॉजीत लागल्यापासून रोज परक्यांची रक्तं बघते, सख्ख्या बहिणीचं कधी पाहिलं नाही. उद्या लॅबमध्ये नेणारच.

९ जानेवारी
नागूच्या बोटाचा थेंब घेतला, स्लाइडवर पसरला, रंगवला. प्लेटलेट भरपूर. मग रक्त थांबत का नाही? आमच्या विभागाच्या डॉक्टर मॅडम शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "मोजू नकोस. नुसतं बघ."
एरवी बोटाच्या ताज्या थेंबात प्लेटलेट घोळक्यानं दिसतात. नागूच्या एकेकट्या. एकीला दुसरीचा स्पर्श नाही.
दोघींचं रक्त नळ्यांत उबेला ठेवलं. माझं गोठलं, आक्रसलं, भोवती पिवळं पाणी सुटलं. तिचं गोठलं आणि तसंच राहिलं.

११ जानेवारी
मॅडमनी एक परदेशी मासिक दिलं. डिक्शनरी घेऊन वाचलं. निम्मं कळलं असेल, पण ते निम्मंच...
प्लेटलेटला केंद्रक नाही. तरी रक्तवाहिनी फाटली की तिला समजतं. तिच्या अंगावर बाहेरून प्रथिनं असतात. काही फाटलेली जागा ओळखतात, आत वर्दी जाते, आणि ताटलीसारखी ती पेशी बघता बघता काटेरी होते. मग अंगावरची दुसरी प्रथिनं शेजारणीला धरून ठेवायला तयार होतात. नागूकडे ही धरणारीच बहुधा नाहीत. वर्दी पोचते, रूप पालटतं, धरायला हात नाहीत.
वर्दी आत पोचते कशी, विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते अजून कुणालाच नीट माहीत नाही." मोठ्या माणसानं असं सरळ सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. घरी येताना स्वतःच्या मनगटाकडे बघत होते. आत एवढं चाललंय, मला न विचारता.

१६ जानेवारी
व्यंकटेशमामा जेवायला. अम्माचा धाकटा भाऊ, घरामागच्या शेडात नायनांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेजारच्याच मागावर चादरी विणतो. भाचीनं मामाशी लग्न करायचं ही आम्हा तेलुगू विणकरांची रीत. अम्मा-नायनाही मामा-भाचीच. आधी मामा माझ्यासाठी होता. मी बी.एस्सी.ला गेले, तो नागूचा झाला. उगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर लग्न.
त्याची थट्टा: "एक भाची कॉलेजनं नेली. दुसरी तुझ्या मॅडमनी नेऊ नये म्हंजे झालं." नागू हसली. गालावर हात धरून.

१८ जानेवारी
मॅडमना घरची रीत सांगितली. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. हे दुखणं दोन्हीकडून आलं तरच होतं. आई-बाप धडधाकट असतात, दोष दोघांत लपलेला. म्हणजे अम्मात आहे, नायनांतही. मामात? निम्मी शक्यता. त्याच्यात असला तर प्रत्येक मुलामागे निम्मी भीती. शिवाय नागूचं बाळंतपण हाच मोठा धोका.
घरी हे सगळं सांगायचा मला धीर झाला नाही, फक्त एवढंच म्हणाले, मामाचंही रक्त बघू या.

२० जानेवारी
मामा सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला. टोचताना डोळे मिटले. नागूचा थेंब पाहिल्यानंतर हा पाहिला: घोळकेच घोळके, एकमेकींना बिलगलेल्या. माझ्या तोंडून गेलं, "लई सुंदर आहे." मला ते सगळं कामच सुंदर वाटत होतं. तो म्हणाला, "पास की मग?" मी भिंगातून डोळा काढला तोवर तो गेलासुद्धा.
संध्याकाळी घरी आले तर मामाचे गल्लीत पेढे वाटून झालेले.

२१ जानेवारी
सकाळीच सगळं सांगितलं: नागूला अम्मा-नायना दोघांकडून आलंय, मामातही असू शकतं. दोष लपलेला असला तरी थेंब चांगलाच दिसतो. कुणाला पटेना. नायना म्हणाले, पेढे वाटल्यावर तुला आठवलं का. अम्मा रागानं म्हणाली, "मग माझं बघ. मी आई हाय तिची."

२२ जानेवारी
अम्माला लॅबमध्ये नेलं. पहिल्यांदाच आली. तिचा थेंब तिलाच दाखवला, मग मामाचा, मग नागूचा. बराच वेळ बघत होती. मामाचा आणि तिचा एकसारखा, भरलेला.
"माझं असं चांगलं. आणि पोरीला माझ्यातनंच गेलं व्हय?"
होय म्हणाले. तिनं पुन्हा भिंगाला डोळा लावला. इतकं सारं आपल्यात होतं हे तिला आज कळलं, आणि कशासोबत कळलं.

२३ जानेवारी
मामाला अम्मानंच सांगितलं. मी विचारलं नागूला, तुझं काय. ती म्हणाली, "अक्का, तू नको म्हणालीस तेव्हा तुला कॉलेज होतं. मला मामा आवडतो."
तोवर मामा दारातच उभा. चप्पलही काढली नव्हती. मग नायनांना म्हणाला, "आमाला पोरं नकोत म्हटलं तर?"
आमच्यात असं आजवर कुणी बोललेलं नाही. नायना उठून मागाकडे गेले, पण माग सुरू झाल्याचा आवाज आला नाही. अम्मानं भावासाठी पाट मांडला. मग म्हणाली, "आत ये."