ठमीचे काय करावे याबद्दल

मी, प्रभावती अंबरीश चौबळ, वय अडुसष्ट, राहणार अल हैल, मस्कत, मूळची पुण्याची, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉ. नूरैन यांनी तसे तपासून सांगितले. उजवा खांदा मात्र ठिकाणावर नाही, आणि या कागदाची निकड त्यामुळेच आली. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालायला आले होते, त्यांचा समाचार पुढे घेते.

१. पुण्यातला फ्लॅट, बँकेत असेल ते, आणि दागिने माझी एकुलती एक मुलगी इरा हिला. यात वाटण्यासारखे काही नाही, तेव्हा वेळ घालवत नाही.

२. ठमी. सर्वप्रथम, ती रणगाडा नाही. मंडळाच्या गणपतीत मला "रणगाडेवाल्या काकू" म्हणतात, म्हणोत बापडे. ठमीला तोफ नाही, कधी नव्हती. सैन्यातून निवृत्त झालेली, चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, माणसे आणि सामान वाहणारी ती गाडी आहे. माझे पती कै. अंबरीश यांनी ती भंगारात पाहिली तेव्हा आत कबुतरे राहत होती. मी विचारले, "अहो, हिचं करणार काय?" म्हणाले, "चालवणार." यांचे पूर्वीचे अर्बाब, म्हणजे नोकरीतले मालक, आणि नंतरचे मित्र सईद बिन नासर यांनी बरका गावातल्या आपल्या शेतात शेड दिली, परवानग्याही त्यांनीच काढल्या, आणि आमचे सगळे शुक्रवार तिथे गेले. वादी अदाईच्या गॅरेजवाल्या यूनुस परकार यांनी इंजिन उतरवून पुन्हा चढवले. पट्ट्यांच्या पिना मी ठोकल्या. हे सूचना करत.

ठमीला स्टीयरिंग नाही, दोन दांड्या आहेत. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे, दोन्ही ओढल्या की थांबते. त्याला खांद्यात जोर लागतो आणि माझा संपला. समुद्राच्या हवेत ती फार दिवस उभी राहिली तर पिना गंजून घट्ट बसतात. यूनुसभाई म्हणतात, "भाभी, उभी ऱ्हायली का मेली समजा." तेव्हा चालवणारे माणूस हवे.

३. माझे दीर श्री. नंदू चौबळ यांनी परस्पर एका किनाऱ्यावरच्या हॉटेलाशी बोलणे केले आहे. इंजिन काढायचे, वाळूचा रंग फासायचा, वर बोगनवेलीच्या कुंड्या ठेवायच्या आणि दाराशी उभी करायची. "वहिनी, लोक सेल्फी काढतील!" अहो, जिवंत गाडीवर कुंड्या! नंदूभावजींनी ठमीसमोर काढून घेतलेले स्वतःचे सर्व फोटो त्यांना द्यावेत. हाताला ग्रीसचा डाग न लागता इतके फोटो काढून घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. बाकी काही देऊ नये.

४. शेडमधली सर्व हत्यारे यूनुसभाईंना. हत्यारे म्हणजे पाने, घण, जॅक आणि चेनपुली. या कागदाचे अरबीत भाषांतर करणाऱ्याने घाबरून जाऊ नये. मोठा पाना त्यांच्याकडेच आहे आणि तो स्वतःचा असल्याचे ते छातीठोकपणे सांगतात. आता सांगू देत.

५. ठमी इराला.

याचे कारण लिहिणे भाग आहे. इरा इथेच वाढली, आता माबेल्याला संसार करते. मराठी तिला कळते, पण कानात आधी इंग्रजी शिरते. कॉलेजात असताना तिने पहिल्यांदा ठमी हातात घेतली. समोर शेताची भिंत आली तसे हे पुढे धावत ओरडले, "आवर! आवर!" इंजिनाचा तो गोंगाट. पोरीने वेग वाढवला आणि ठमी भिंतीवरून, फलजच्या पाटावरून, लिंबाच्या झाडांवरून जाऊन मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, पायरीशी थांबली. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. सईदभाई पोट धरून हसले, "खलास, भिंत पुन्हा बांधू." हे मात्र सगळ्यांदेखत म्हणाले, "उतर खाली. पोरींचं काम नाही हे." आणि ठमी शेडमध्ये न्यायला मला बसवले! मी काय पोरगा होते?

इरा उतरली ती पुन्हा चढली नाही. ती घाबरली असे आम्ही सगळे धरून चाललो. दोन शब्द गोड बोला तिच्याशी, म्हणून मी यांच्या मागे लागले. "कळेल तिला," म्हणायचे. न बोलताच गेले. हा राग माझ्यापाशी आहे, तो कोणाच्या नावे करता येत नाही.

गेल्या महिन्यात हॉटेलाचा विषय निघाला तेव्हा इरा म्हणाली, "विकून टाक, आई. बाबाच ओव्हर, ओव्हर म्हणाले आणि मलाच उतरवलं." पोरीने आज्ञा पाळली होती! बाप सांगतो भिंतीवरून ने, तर तिने दांड्या सरळ धरून नेली आणि गाडी उलटू दिली नाही. मला जमले नसते. हे तिला तोंडाने सांगायला गेले तर मी रडेन, म्हणून इथे लिहिले. तिला ठमी नकोच असेल तर यूनुसभाईंनी चालवावी.

६. पुरवणी. वरील मजकूर गुरुवारी इराला वाचून दाखवला. पाचवे कलम तिने पुन्हा वाचायला लावले. मग विचारले, "आवर म्हणजे? थांबव?"

"थांबव. सांभाळ."

बराच वेळ रडली. मीही. मग नाक पुसत म्हणाली, "ठमी विलमध्ये नको लिहू. तू गेल्यावर मला शिकवणार कोण? उद्या जाऊ या."

काल शुक्रवारी तिने ठमी शेडबाहेर काढली. मी समोर उभी राहून नुसत्या हाताने खुणा केल्या, तोंड उघडले नाही. शेताला वळसा घालून तिने गाडी परत आत लावली, कुलूप घातले आणि शेडची किल्ली मला न देता स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मृत्यूनंतर द्यायला ठमी आता माझी उरलेली नाही. सबब कलम पाच रद्द.

सही: प्रभावती अंबरीश चौबळ

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली:
१. डॉ. नूरैन काझी
२. सौ. नयना प्रधान, शेजारी
(यूनुसभाईंना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे समजावले. रुसले आहेत.)

अल हैल, मस्कत
शनिवार, १३ डिसेंबर २०२५