आठव्या पेल्याचे गुण

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंदा वाइन चाखून तिचे मोल ठरवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जिभेचा दाखला त्यांना देता येत नाही. ती अजून शाबूत आहे, हे मीच सांगतो. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, कारण आणायला घरात कोणी नाही. दुपारपर्यंत कांदा-लसणाला न शिवणाऱ्या आणि पाहुण्यांना अत्तर धुऊन यायला लावणाऱ्या माणसाशी संसार कोण करणार? यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत वाटणी ठीक होती, पण मुख्य गोष्ट मी गिळली होती.

कलम १. माझे बूच काढायचे लाकडी मुठीचे हत्यार गालफुग्याला द्यावे. हे माझे वीस वर्षांचे जोडीदार परीक्षक; घोट तोंडात घेऊन इतका वेळ खुळखुळवत की समोरच्याला चूळ भरावीशी वाटे. वीस वर्षांत स्वतःचे हत्यार एकदाही आणले नाही. दर वेळी "जरा दे रे" म्हणून माझेच नेले. आता हक्काने वापरावे.

कलम २. चौकातल्या हॉटेलवाल्याला काहीही देऊ नये. तो लाल वाइन चुलीशेजारच्या फळीवर ठेवतो आणि सांगायला गेले की "गिऱ्हाइकाला अशीच आवडते" म्हणतो. माझ्या अंत्ययात्रेला त्याने जरूर यावे, पण सर्वांत मागे चालावे.

कलम ३. चाखायचे सहा पेले पिंपे बांधणाऱ्या कारागिराला द्यावेत. "वाइनमध्ये माझं लाकूड जास्त बोलतंय का हो?" असे विचारत यायचा. आपल्या कामातली खोट विचारायला आलेला माझ्या आयुष्यातला हा एकच माणूस.

कलम ४. बैठकीच्या खोलीत 'निःस्पृह परीक्षक' असे लिहिलेले मानपत्र टांगले आहे. ते खाली उतरवून रद्दीत घालावे. काच धड आहे, ती कोणाला हवी असल्यास न्यावी. असे का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ५. हे कलम देण्याघेण्याचे नाही, पण वकीलबाईंनी ते गाळू नये.

वडिलांच्या मागे आमचा द्राक्षमळा आणि लहानशी वाइनरी माझी धाकटी बहीण चालवते. मी चाखायला शिकलो, ती बनवायला. आमच्याकडे दरवर्षी भागातल्या सगळ्या वाइनऱ्यांच्या बाटल्या कापडी खोळीत घालून परीक्षकांपुढे ठेवतात. वर फक्त नंबर. तिघांनी वीसपैकी गुण द्यायचे. सरासरी पंधरा भरली तर वाइन स्वतःच्या नावाने बाटलीत जाते. कमी पडली तर टँकरने सुटी विकली जाते, दुसऱ्याच्या वाइनमध्ये मिसळायला.

एकोणीस वर्षांपूर्वी आठवा पेला मी नाकाशी नेला आणि ओठाला लागायच्या आधीच ओळखला. भिजलेल्या दगडी पाटीचा वास, आणि शेवटी लिंबाची बी चावल्यासारखा किंचित कडवटपणा. तो आमच्या वरच्या उतारावरचाच. वडिलांनी लावलेल्या वेली तिथे होत्या, पन्नास वर्षांच्या. वाइन सतरा गुणांची होती. मी पेन्सिलीने सतरा लिहिलेही.

मग मला आदल्या वर्षीचे आमच्या परीक्षक मंडळाच्या सचिवांचे बोलणे आठवले. "बहिणीची बाटली तुम्हांला खोळीतून दिसते वाटतं!" सगळे हसले होते, मीही हसलो होतो, आणि वर्षभर ते मला आतून कुरतडत होते. मी सतरा खोडून तेरा लिहिले. घरचे म्हणून चार गुण कापले की आपण चोख ठरलो, असे मला वाटले. बाकी दोघांनी साडेपंधरा आणि पंधरा दिले होते. सरासरी साडेचौदा आली. अर्ध्या गुणाने वाइन टँकरमध्ये गेली. खोळी काढल्यावर सचिवांनी माझी पाठ थोपटली. मानपत्र त्याच वर्षीचे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. चार दिवसांनी धाकटी माझ्याकडे आली. हात धुऊन आली होती, तरी नखांत द्राक्षाचा काळा रंग होता.

"दादा, परीक्षक म्हणून नको, भाऊ म्हणून सांग. कशी होती?"

"पातळ होती गं," मी म्हणालो. "वरच्या उतारात आता दम राहिला नाही."

पानगळ झाल्यावर तिने वरच्या उतारावरच्या सगळ्या वेली मुळासकट उपटल्या आणि तिथे भरघोस पिकणारी साधी जात लावली. मी तोंड उघडले असते तर त्या वाचल्या असत्या. माझ्याजवळ दोन महिने होते. रोज उद्या सांगू म्हणालो. मला फार वाईट वाटते, आणि ते इतक्या उशिरा लिहिण्याची लाजही वाटते.

त्या वाइनची एक बाटली मी नमुन्यांतून लपवून घरी आणली होती. गेल्या वर्षी ती उघडली. जन्मभर चांगल्या चांगल्या वाइन थुंकलेला मी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. अठरा गुणांची झाली होती. आता ती जगात कुठेच नाही. म्हणजे पुरावाही मीच पिऊन टाकला.

कलम ६. माझे राहते घर आणि बँकेतील ठेवी धाकट्या बहिणीस द्याव्यात. त्यातून तिने वरच्या उतारावर वडिलांच्या वेलींची जात पुन्हा लावावी.

कलम ७. उरलेले सर्व गावच्या वाचनालयास द्यावे. त्यांची दोन पुस्तके माझ्याकडे राहिली आहेत, तीही.

पुरवणी, सही करण्यापूर्वी माझ्या हाताने. वरील मजकूर वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला, कारण मला आता बारीक अक्षर दिसत नाही. मला गाडीतून घेऊन आलेली धाकटी बाहेरच्या बाकावर बसली होती. दार उघडे होते. दुसरे साक्षीदार म्हणून कारकून पेन उघडत होते, तेवढ्यात ती आत आली.

"सही मी करते."

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, ज्याला मिळायचंय त्याने साक्ष द्यायची नसते. तुम्ही सही केलीत तर घर, ठेवी, सगळं वाचनालयाला जाईल."

"जाऊ दे. तीस वर्षं लागतात वेलीला मुरायला. मी अडुसष्टची आहे. कोणासाठी लावू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याने हे कबूल केलं आणि मी ते ऐकलं, एवढं कागदावर राहू दे. दुसरं काही नको मला."

मी तिला अडवले नाही.

स्थळ: वकीलबाईंच्या कार्यालयातली मागची खोली.
दिनांक: बावीस नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: (सही) डॉक्टर

साक्षीदार २: (सही) धाकटी बहीण. सहीखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: "वाइन मीही चाखली होती. सतराचीच होती. पण दादा म्हणाला, म्हणून माझीच जीभ चुकली असं मी धरून चालले."