रस्त्यापलीकडचा कागद

रविवार, २२ ऑक्टोबर २०१७

प्रिय व्हर्ना आत्या,

तू ऱ्होडाकडे सुखरूप पोचलीस हे तिच्या फोनवरून बाबांना कळलं. डेटनला आपल्यापेक्षा लवकर गारठा पडतो, आणि तुझा तपकिरी कोट मात्र इथंच खुंटीवर राहिलाय. ऱ्होडाला आणि मुलांना माझी आठवण सांग. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण पहिल्याच परिच्छेदात खोटं नको.

बाबांचा श्वास आहे तसाच आहे. ऑक्सिजनची नळी ओढत ते ओसरीपर्यंत जातात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतात. काल घेवडा करपला तर म्हणाले, "तुझ्या हातचं खाल्लं की खाणीतली धूळ गोड वाटायला लागते." सफरचंदं शिजवायला यंदा आम्ही दोघंच होतो. मी हंडा ढवळत होते आणि ते खुर्चीवर बसून ढवळायचं कसं ते सांगत होते. तरी तळाला लागलंच. कोंबड्या बऱ्या आहेत.

डेंझिल कोम्ब्स यांची गाडी बहुतेक वेळ त्यांच्या दारातच उभी असते. ते देवळात येत नाहीत. देवळाची बस आता त्यांच्याऐवजी कारभारी डीकन बेरी चालवतात आणि पाइन खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना दर रविवारी विसरतात.

तू निघालीस त्या सकाळी म्हणालीस की हे सगळं शेरीफच्या कचेरीतल्या खिडकीवरच्या टॅमीनं केलं, तिच्या तोंडाला कुलूप नाही. मी तेव्हा बशा पुसत होते. एकच बशी पुसत राहिले. टॅमीनं कोणाला काही सांगितलं नाही, आत्या. ती जे काही बोलली ते माझ्याशीच, कारण विचारायला मीच गेले होते.

मी स्वतःला समजावलं होतं की हे काळजीपोटी करतेय. तू ज्याच्याशी लग्न करणार, त्याचं मागचंपुढचं पाहिलेलं बरं. कोणाच्या अटकेची नोंद कोणीही मागावी, कायद्यानं ती सगळ्यांना खुली आहे, हे मला पाठ होतं. आई गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला नागरिकशास्त्र तूच शिकवलंस.

खिडकीशी मी डेंझिल यांचं नाव हळूच सांगितलं.

"मोठ्यानं बोल पोरी," टॅमी म्हणाली. "ही काच गोळीसाठी केलीय, गप्पांसाठी नाही."

मग मी मोठ्यानं सांगितलं. माझ्यामागे रांगेत ल्यूथर आयसन होता, ठोकलेल्या गाडीचा पंचनामा घ्यायला आलेला. तो म्हणाला, "डेंझिलनं काय केलं आता? माझ्या विहिरीचा पंप बसवायचाय त्यानं. आत टाकणार असलात तर पंप झाल्यावर टाका."

"कोणी कोणाला टाकत नाही," टॅमी म्हणाली. "आणि केझाया, तू असा चेहरा करू नकोस. कारण विचारायचा मला हक्क नाही, पण तुझ्या तोंडावरच लिहिलंय."

कागद एकच पान होता. १९९८, गुरांच्या बाजाराच्या आवारात एका माणसाला मारहाण आणि शांतताभंग, डेंझिल कोम्ब्स यांना अटक. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की ही फक्त अटकेची नोंद आहे, पुढे काय निकाल लागला ते समोरच्या कोर्टाच्या कचेरीत विचारावं. ती ओळ मी वाचली. मी सगळं वाचते, तुला ठाऊक आहे. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. कोर्ट रस्त्यापलीकडे होतं, उघडं होतं, मला घाई नव्हती. मी कागदाची घडी घातली आणि घरी आले.

त्या बुधवारी प्रार्थनेला विनंत्या मागितल्या तेव्हा मी हात वर करून "मनातली" म्हटलं. तू माझ्या शेजारीच होतीस. तू माझा हात दाबलास, तुला वाटलं बाबांसाठी असेल. "मनातली" म्हटल्यावर कोणी खोदून विचारायचं नाही हा आपला रिवाज. पण बाहेर पडताना विल्माबाईंनी गाठलंच.

"मनातली म्हणजे कशाबद्दल गं? तब्येत की घर?"

"घर."

"बाबा?"

"नाही."

"मग व्हर्ना. म्हणजे डेंझिल. हे बघ, मी विचारत नाही. पण नेमकं ठाऊक असलं की प्रार्थनाही नेमकी होते."

मी नेमकं सांगितलं. तू तेव्हा बाबांचं सिलिंडर गाडीत ठेवत होतीस.

प्रार्थनेची फोनची साखळी कशी चालते ते तुला सांगायला नको. तुझं नावही तीत आहे, फक्त त्या वेळी तुला वगळून पुढचीला फोन गेला. माझ्याकडे ती बातमी फिरून आली तेव्हा अटकेचा तुरुंग झाला होता, आणि ज्याला मारलं तो माणूस जाऊन त्याच्या जागी त्यांची पहिली बायको आली होती. आल्मा, जिला शेवटच्या आजारात त्यांनी चमच्यानं भरवलं. मी फोनवर म्हणाले, "असं नाही ऐकलं मी." ऐकलं नाही म्हणाले. वाचलं नाही, असं म्हणाले नाही.

मग डीकनांनी त्यांच्याकडून बसची किल्ली मागून घेतली, पाद्र्यांनी लग्न "थोडं पुढे" ढकलायला सुचवलं, आणि डेंझिल ओसरीवर येऊन तुला म्हणाले की हे राहू दे. ते सगळं तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंस. मी आत होते, पडद्यामागे.

गेल्या सोमवारी मी रस्ता ओलांडला. कोर्टातल्या बाईनं विचारताक्षणी कागद काढून दिला. फिर्यादी त्यांचाच भाऊ, एस्टिल. भांडण एका खेचरावरून. फिर्यादी तारखेला आलाच नाही, खटला काढून टाकला. कोणाला शिक्षा नाही, दंड नाही.

तो कागद घेऊन मी ल्यूथर आयसनच्या विहिरीवर गेले. डेंझिल पाइप वर ओढत होते. मी कागद पुढे केला. हात चिखलाचे होते म्हणून त्यांनी नुसतं वाकून पाहिलं.

"मला ठाऊक आहे पोरी," म्हणाले. "मी तिथं होतो."

"आत्याला माहीत होतं?"

"पहिल्याच भेटीत. हसता हसता कॉफी सांडली तिनं. मग विचारलं, खेचर कोणाला मिळालं?" त्यांनी पाइप खाली ठेवला. "तिनं मला विचारलं. तू टॅमीला विचारलंस."

मी म्हणाले, हा कागद मी बुधवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवते.

"नको. माझ्यासाठी एकदा प्रार्थना केलीस ती अजून निस्तरतोय."

म्हणजे मी केलंय हे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, म्हणून विचारलं, तर त्याच दुपारपासून. ल्यूथर रांगेतून सरळ त्यांच्याकडे गेला होता. आत्या, त्यांनी हे तुला एका शब्दानं सांगितलं नाही. तू ओसरीवर टॅमीला शिव्या देत होतीस आणि ते टोपी हातात घेऊन ऐकत होते. मी कारण विचारलं. म्हणाले, "तिच्या घरचंच माणूस नको म्हणतंय, हे मी तिला सांगू? मग ती माझ्याकडे येईल, पण तुझ्याशी बोलायची नाही. असं लग्न मला नको." आणि पुन्हा पाइप ओढायला लागले.

आता ते लिहिते जे टाळण्यासाठी कोंबड्यांपासून सुरुवात केली. तो पहिला कागद हातात आला तेव्हा मला धक्का बसला नाही. मला हायसं वाटलं. वाटलं, आता आत्या जाणार नाही. बाबांची रात्रीची नळी, त्यांचं खोकणं, ते कधी थांबेल याची वाट, हे सगळं माझ्या एकटीवर येणार नाही. मला तुझी काळजी नव्हती, माझी होती. मी रस्ता ओलांडला नाही, कारण पलीकडे काय असेल याचा मला अंदाज होता.

बुधवारी मी उभी राहिले. त्यांचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले की मागची माझी विनंती खरी नव्हती, माझी आत्या लग्न करून जाऊ नये एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी मी एका माणसाबद्दल अर्धंच वाचून अर्धंच सांगितलं. बाक करकरले. विल्माबाई गाण्यांच्या पुस्तकात पाहत होत्या. पाद्री खाकरले आणि म्हणाले, "आणखी कोणाची विनंती?" बस, एवढंच झालं. किल्ली अजून डीकनांकडेच आहे. टॅमीचीही माफी मागून आले. ती म्हणाली, "काच जाड आहे गं. पण तुझी आत्या मला बाजारात ओळख देत नव्हती, ते लागलं."

गुरुवारी मी डेंझिलना पुन्हा भेटले आणि सांगितलं की आता घरातल्या कोणाची ना नाही. बाबा पूर्वीपासून हो म्हणत होते. नळी कशी बदलायची ते नर्सकडून मी शिकून घेतलंय, आता जमतं. ते म्हणाले, "हे मला नको सांगू. व्हर्नाला लिही. तिला सगळं कळू दे, तुझंसुद्धा. मग ती काय ते ठरवेल."

म्हणून हे पत्र. लग्नाची येत्या शनिवारची तारीख देवळाच्या दारावरच्या कागदावर अजून आहे, कोणी खोडली नाही. तू ये किंवा नको येऊस. आलीस तर माझ्याशी बोललं पाहिजे असं नाही. त्यांच्याशी बोल.

जी तुला घरात ठेवायला निघाली आणि जिनं तुला घराबाहेर काढलं, ती तुझी भाची,

केझाया