इंजिन लहानच बसवावे

मी, खाली सही करणारी बाई, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय बायकांना मोटार चालवायला शिकवणे, हा कागद पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. न ऐकणे ही माझी जुनी सवय आहे, आजाराचा परिणाम नव्हे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. पण त्यातून मी उठले नाही तर चिरंजीव माझी गाडी आठवड्याच्या आत भंगारात देतील. तेवढे होऊ नये म्हणून आजच लिहिते.

कलम एक. राहते घर मुलाला आणि मुलीला निम्मे निम्मे. मात्र माझ्या नणंद, ज्यांना मी वन्सं म्हणते, हयात असेपर्यंत त्यांना त्यांच्या खोलीतून कोणी हलवू नये. रंग द्यायचा आहे, ही सबबही चालणार नाही.

कलम दोन. बँकेतली शिल्लक तशीच निम्मी निम्मी. बांगड्या सुनेला. मी दिलेल्या साड्या तिला आवडत नाहीत हे ती कधी बोलली नाही, पण मला डोळे आहेत.

कलम तीन. परवान्याची परीक्षा घेणाऱ्या ज्या साहेबांनी माझी एक विद्यार्थिनी केवळ घाबरट दिसते म्हणून नापास केली, त्यांना मी काहीही ठेवत नाही. तसे त्यांना आवर्जून कळवावे.

कलम चार, गाडी. ही छोटी गाडी मी एकोणतीस वर्षे चालवली. तिच्यावर बायका शिकल्या, त्यांच्या मुली शिकल्या. मागच्या महिन्यात तिच्या इंजिनाच्या ब्लॉकलाच चीर गेली, म्हणजे दुरुस्तीचा प्रश्न मिटला आणि दुसरे इंजिन बसवण्याचा उभा राहिला. आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात दोन इंजिने आली होती. एक मोठे, नव्या गाडीतले. दुसरे आमच्यासारख्याच एका जुन्या गाडीतले, फारसे न वापरलेले.

मला मोठे हवे होते, हे कबूल करते. चढावर ट्रकच्या मागे धूर खात दुसऱ्या गिअरमध्ये जाण्यात माझी हयात गेली. एकदा तरी त्याच्या पुढे निघून जावे आणि आरशात त्याला लहान होताना बघावे, एवढीच हौस होती. मिस्त्री म्हणाले, "बसवतो की. पण माउंटिंग बदलायचं, गिअरबॉक्स बदलायचा, रेडिएटर मोठा, ब्रेकही नवे. मग जुनं उरणार काय? दारं आणि तुमचा हॉर्न." मी म्हटले, "हॉर्न चांगला आहे." आणि मोठ्यासाठी शब्द देऊन टाकला.

आता वन्संबद्दल. शिकायला येणाऱ्या बायकांना सोबत वाटावी म्हणून त्या मागच्या सीटवर बसायच्या, विणकाम घेऊन. माझ्या शिकवण्यात खोट काढणे हे त्यांचे दुसरे विणकाम. माझी भाजी आळणी, माझे वळण मोठे, माझा आवाज चढा, हे मी वर्षानुवर्षे ऐकले आहे. तर गेल्या आठवड्यात, बसवण्याआधी एकदा ऐकून घ्या म्हणून, मिस्त्रींनी दोन्ही इंजिने स्टँडवर सुरू करून दाखवली. वन्सं टायरांच्या ढिगाजवळ उभ्या होत्या. मोठे इंजिन सुरू झाले तेव्हा त्या नुसत्या उभ्या राहिल्या. लहान सुरू झाले, मिस्त्रींनी ते हळूहळू चढवले, आणि गिअर बदलायची वेळ यावी नेमक्या त्या आवाजाला वन्संचा डावा पाय चपलेसकट खाली दाबला गेला. क्लच. पुन्हा चढवले, पुन्हा दाबला. त्यांचे त्यांना ठाऊकही नव्हते. मिस्त्री हळूच म्हणाले, "बाई, पाय बघा."

परतताना रिक्षात मी विचारले. त्या म्हणाल्या, "शिकायचं होतं मला. एकदा विचारलं होतं तुम्हाला."

खरे आहे. बावीस वर्षांपूर्वी विचारले होते आणि मी हसून म्हणाले होते, "वन्सं, तुम्ही मागेच बऱ्या." पुन्हा त्यांनी कधी विचारले नाही. मी परक्या बायकांना हात धरून स्टिअरिंगवर बसवले आणि घरातल्या बाईला हसले. याची मला लाज वाटते. आधी वाटायला हवी होती.

म्हणून मोठ्या इंजिनाचा माझा शब्द मी परत घेते. वन्सं कानाने शिकल्या आहेत. त्यांच्या कानाला ओळखीचे तेच इंजिन गाडीत बसवावे, म्हणजे लहान. त्याचा नंबर गाडीच्या कागदांवर चढवून घ्यावा. गाडी पूर्णपणे वन्संच्या मालकीची. वय अडुसष्ट ही हरकत कोणी काढू नये, चिरंजीवांनी तर नाहीच. मी नसले तर शेजारच्या सीटवर, जिथे शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक आहे, मिस्त्रींनी बसावे. त्यांनी ओरडू नये आणि उगाच ब्रेक मारू नये.

पुरवणी. सह्यांच्या वेळी घडले ते लिहून ठेवते. आमच्या घरातल्या कागदांवर साक्षीदार म्हणून वन्संचीच सही असते, त्यामुळे त्या पेन घेऊन पुढे आल्या. साक्षीला बोलावलेले खालच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला नाही चालणार. ज्यांना काही मिळायचंय, त्यांनी साक्षीदार व्हायचं नसतं."

वन्सं माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "इंजिन कुठलं?"

"लहान."

"तुम्हाला तर मोठं हवं होतं."

"हवं होतं."

त्यांनी पेनाचे टोपण लावले. "मग गुरुवारी तुम्हाला आत नेलं की मी बाहेर बाकावर बसून राहणार नाही, वहिनी. शिकाऊ परवान्याचा अर्ज द्यायला जाणार आहे. शुद्धीवर आल्यावर मला शोधत बसू नका."

हा मजकूर मृत्युपत्रात शोभत नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. मी तो ठेवला आहे.

सही: मृत्युपत्र करणारी बाई

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर (सही वाचता येत नाही, पण त्यांचीच आहे)
२. गॅरेजवाले मिस्त्री (हात धुऊन)

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १२ मार्च, मंगळवार