शेवटच्या शिंगराचा रेडिओ

३ जून १९७१

ती. मामांस,
यांजिनचा सा. न. वि. वि.

तुम्ही, मामी, तुमची नात दुलमा आणि कळप सगळे खुशाल असाल. मेंढ्यांच्या अंगावर मांस चढू लागलं असेल. मामीचे डोळे आता परत येणार नाहीत हे कळल्यापासून जिवाला चैन नाही. तुम्ही आणि पोर दिवसभर माळावर, मामी एकटी घरात. माणसाचा आवाज म्हणून कानावर पडत नसेल. तुम्ही बोलता खरे, पण घोड्यांशी.

आता बातमी. क्रांतीला पन्नास वर्षं होतात म्हणून यंदा तालुक्याचा नादम, आपला शर्यतींचा उत्सव, मोठा होणार, आणि उत्सव समितीची चिटणीस म्हणून अध्यक्षांनी मला नेमलं आहे. दोन वर्षांच्या शिंगरांच्या शर्यतीत शेवटी आलेल्या शिंगरासाठी आपण भरल्या पोटाचं गाणं म्हणतो, पुढच्या वर्षी पहिलं ये असा आशीर्वाद देतो. पण हाती काही देत नाही. मी सभेत उभी राहून म्हटलं, की ज्या क्रांतीनं मागे पडलेल्यांचा हात धरला, तिच्या सुवर्णमहोत्सवात नुसत्या गाण्यावर भागवणं शोभतं का? अध्यक्षांचे डोळे पाणावले. पहिल्याला गालिचा आणि शेवटच्याला रेडिओ, असं एकमतानं ठरलं.

मामीला नमस्कार, दुलमाला पापा. लोभ आहेच, तो पावसानंतरच्या कुरणासारखा वाढू द्यावा.

तुमची,
यांजिन

१४ जून

चि. यांजिन हिस अनेक आशीर्वाद.

घरातली पहिली पदवीधर तू, म्हणून तुझं पत्र मी मामीला दोनदा वाचून दाखवलं. रेडिओचं नाव आलं तशी ती दूध घुसळायची थांबली. तेव्हाच ठरवलं, यंदा आपल्याला शेवटचं यायचंय.

एरवी शर्यतीच्या आधी मी शिंगराला बांधून ठेवतो, चारा कमी करतो, घाम काढतो. यंदा दोन्ही वेळ ओल्या गवतात सोडलंय. पोट असं सुटलंय की बघून तुमच्या अध्यक्षांची आठवण येते. शिंगरावर दुलमाच बसणार, तिला लगाम ओढून धरायला शिकवतोय. पोरगी मान डोलावते, पण डोळे फार चमकतात, ते मला आवडत नाही.

काळजी एकच. काल शेजारच्या डांझनकडे गेलो, तर त्याचंही शिंगरू गवतात तोंड खुपसून. म्हणाला, आता वयामुळे तयारी जमत नाही. चेहऱ्यावर असा भोळेपणा आणला, की चोर मला लगेच ओळखू आला. पोरी, अख्ख्या खोऱ्यात एक शिंगरू बांधलेलं नाही.

जपून राहा. चहात मीठ घालायला विसरत जाऊ नकोस.

तुझा मामा,
गोंचिग

२५ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी डोक्याला हात लावला. मागे राहणाऱ्याचा मान वाढावा म्हणून मी भांडले, आणि तुम्ही सगळे मिळून मागे राहायला निघालात. मामीसाठी रेडिओ मलाही हवा आहे, तुमच्याइतकाच. पण लबाडीचा नको. जिल्ह्याहून पाहुणे येणार आहेत. एकही शिंगरू पोचलं नाही तर मी त्यांना काय सांगू?

जिंकायची तयारी फक्त अध्यक्षांच्या पांढऱ्या शिंगराची चालू आहे. गालिचा टांगायला त्यांनी घरात जागाही करून ठेवली आहे. मामीला सोडून तुम्ही येणार नाही, दुलमा डांझनकाकांबरोबर येईल, हे निरोपावरून कळलं. तिच्या हातातला लगाम सैल करून पाठवा, एवढीच विनंती.

रागावले आहे, तरी तुमचीच,
यांजिन

१३ जुलै

ती. मामा व मामी यांस,
सा. न. वि. वि.

आधी दुलमाची खुशाली : पोट बिघडलं आहे, बाकी ठीक. कारण खाली येईल.

शिंगरं सुटली आणि टेकडीआड जाऊन थांबली. पाहुण्यांनी घोडीच्या दुधाचे वाडगे रिकामे केले, पुन्हा भरले, पुन्हा रिकामे केले. अध्यक्ष दुर्बीण पुसत होते. तिकडे प्रत्येक पोर लगाम ओढून दुसऱ्याला आधी जायचा आग्रह करत होतं, पाहुणचार असावा तसा. पांढरं शिंगरू तेवढं धावलं. पण पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. त्याला वाटलं आपल्याला मोकळं सोडलं, आणि ते वळून थेट नदीकाठी आपल्या कळपात गेलं.

एवढ्यात वारा फिरला आणि तळलेल्या खूशूरचा, मांस भरलेल्या करंज्यांचा, वास टेकडीवर पोचला. दुलमाचं म्हणणं, की सगळ्यांनीच लगाम धरला तर जेवायला कोणीच पोचणार नाही, म्हणून तिनं सोडला. तिला पाहून बाकीची पोरंही ओरडत सुटली, आणि मग कोणालाच रेडिओ आठवला नाही. मामा, तुमचं पोट सुटलेलं शिंगरू पहिलं आलं. दुलमानं खूशूर किती खाल्ले ते ती सांगत नाही.

पांढऱ्याला नदीवरून ओढून आणलं, तेव्हा खाली सावल्या लांबल्या होत्या. नियम मीच केलेला. पाहुण्यांसमोर भरल्या पोटाचं गाणं झालं, आणि लोक शिंगराकडे न बघता अध्यक्षांकडे बघत गायले. रेडिओ त्यांना मिळाला. मी टाळ्या वाजवल्या, पण मामीची आठवण येऊन हात जड झाले. गालिचा डांझनकाकांबरोबर पाठवते आहे. मला क्षमा करा.

तुमची,
यांजिन

२४ जुलै

चि. यांजिन हिस अनेक आशीर्वाद.

परवा अध्यक्षांची जीप आली. गवत कसं आहे ते बघायला आलो म्हणाले. जुलैच्या उन्हात कोट घातलेला, आणि कोटाखाली चौकोनी काहीतरी. मी गवताविषयी बोलत राहिलो. तीन वाडगे चहा पाजला. शेवटी तेच बोलले : शेवटच्याचं बक्षीस घरात वाजतं आणि बायको हसते. मी म्हटलं, आमच्या घरात पहिल्याचं बक्षीस पडलंय, पण पायाला टोचतं. ते कोटाखालची पेटी आमच्याकडे ठेवून गालिचा गुंडाळून घेऊन गेले. हे कोणाला सांगू नकोस. डांझनला मी सांगितलंच आहे.

आता मामी लिही म्हणते ते लिहितो. रेडिओवर आपल्या तालुक्याची बातमी लागली. सगळी शिंगरं एकाच जोमानं पोचली, मागे कोणीही राहिलं नाही, असा अध्यक्षांचा अहवाल वाचला. डोळे गेल्यापासून मामी हसली नव्हती. त्या दिवशी हसता हसता तिच्या हातातला चहा सांडला. मग ती बराच वेळ कान देऊन बसली, की आता भरल्या पोटाचं गाणं लागेल. पेटीला ते येत नाही. तेव्हा मामीनं पेटी मांडीवर घेतली आणि तिला ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं.

पुढच्या वर्षी कुठलं बक्षीस कोणाला, ते आधी मामाला कळवत जा.

तुझे,
मामा आणि मामी